दुसरा भाग नसलेली कादंबरी

मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा दिली, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं आणि त्यानंतर वाट बघणं एवढंच काम उरलं. ते मला कधीच जमलं नाही. कर्जतच्या रेल्वे चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी सकाळपासून येरझारा घालायचे. पोस्टमनची सायकल वाजली की दारात, गेली की पुन्हा मोरीपर्यंत. आई तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "तुज्या पायाला भिंगरी हाय का गं? बस की एका जागी."

वडील रेल्वेत फिटर होते. घाट चढताना गाडीला मागून रेटायला जी इंजिनं जोडतात, त्यांच्यावर त्यांचं काम. ते म्हणायचे, "बसून कुनाला नोकरी लागलीय? फिरू दे तिला." त्यांच्या या एका वाक्यावर मी पुढची काही वर्षं फिरले.

झालं असं, की एका उन्हाळ्यात पुण्याच्या एका पुस्तकविक्रेत्याने शाळेचा हॉल भाड्याने घेऊन प्रदर्शन मांडलं. बाहेर कापडी फलक होता: कादंबऱ्या निम्म्या किमतीत. मी सावलीला म्हणून आत शिरले आणि उभ्या उभ्या वाचत राहिले. दुसऱ्या दिवशीही गेले. मालकाने मला हाकललं नाही, कारण त्याचा घसा साफ बसला होता, ओरडायची सोयच नव्हती. गिऱ्हाईक काही विचारायला आलं की तो बोटाने कुठलंतरी पुस्तक दाखवायचा आणि गिऱ्हाईक पाठ फिरवायचं.

एका बाईंना त्याने अशीच एक जाडजूड प्रेमकथा दाखवली. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "ही नका घेऊ. यातली मुलगी अर्धं पुस्तक नुसती रडते. त्यापेक्षा ही बघा. हिच्यात दोघं भांडतात फार, पण मजा येते."

बाईंनी ती घेतली, शिवाय आणखी एक मागितली. त्या गेल्यावर मालक खरखरत्या आवाजात म्हणाला, "उद्यापासून सकाळी ये. चहा मिळेल आणि विकशील त्यातला वाटा मिळेल."

प्रदर्शन उठलं तेव्हा उरलेले गठ्ठे तो माझ्यापाशीच ठेवून गेला. ही सगळी प्रकाशकांच्या गोडाउनमध्ये पडून राहिलेली पुस्तकं होती. कुणाचं कव्हर उन्हाने उडालेलं, कुणाला वाळवी चाटून गेलेली, पण आतला मजकूर धड. मी दोन कापडी पिशव्या शिवून घेतल्या. एकीत प्रेमाच्या कादंबऱ्या, दुसरीत ऐतिहासिक. खांद्याला दोन्हीकडून सारखं वजन. कधी एसटीने, कधी कुणाच्या टेंपोत बसून मी कर्जत, भिवपुरी, चौक, खालापूर असा फेरा धरला.

पुस्तक सुचवायची माझी एक पद्धत होती. बायकांना मी पहिला प्रश्न विचारायचे, "शेवट गोड हवा, की कसाही चालेल?" बहुतेकजणी आधी हसायच्या, मग गंभीर व्हायच्या. 'कसाही चालेल' म्हणणारीला मी नीट बघून घ्यायचे, कारण ती पुन्हा येणार हे ठरलेलं. पुरुष प्रेमाची कादंबरी घेताना 'घरी लागते' म्हणायचे. चौकला हायवेवर एका गॅरेजमध्ये एक मिस्त्री होता, तो ऐतिहासिकशिवाय काही घ्यायचा नाही. "ताय, लढाय हाय ना यात? बायका जास्त नकोत." मी सांगायचे, लढाई आहे. पुढच्या फेरीला ग्रीसचे हात चिंधीला पुसत तोच हळूच विचारायचा, "त्या पोरीचं पुडं वाईट केलं गं त्यानी. दुसरं हाय का तसलं?"

माझी सगळ्यात पक्की वाचक मात्र भिवपुरीच्या पॉवर हाउसच्या क्वार्टर्समध्ये होती. डोंगराच्या पायथ्याला एकसारख्या घरांच्या ओळी, प्रत्येकीपुढे कण्हेर, आणि वरून आलेल्या पाण्याचा घरघराट दिवसभर कानात. तिथल्या एका ऑपरेटरची बायको, चाळिशीची असेल, मी तिला काकू म्हणायचे. काकू उभ्याने वाचायच्या. ओट्यावर मसाल्याच्या डब्याला पुस्तक टेकवायचं, एका हाताने पोळी फिरवायची आणि दुसऱ्याने पान. खुर्ची होती, पण त्या बसायच्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बसलं की वाटतं, आता इथंच राहायचं. नवऱ्याच्या बदलीची टांगती तलवार लग्न झाल्यापासून डोक्यावर आहे. मी पडदे सुद्धा शिवत नाही."

दोघी अशा. मला नोकरीच्या पत्राची घाई, त्यांना बदलीच्या पत्राची धास्ती. त्यामुळे आमचं जमलं.

त्या वर्षी मालकाने पाठवलेल्या गठ्ठ्यात एका ऐतिहासिक कादंबरीच्या पुष्कळ प्रती आल्या. लेखक कुणाच्या ऐकिवातला नव्हता. मी एसटीत वाचायला घेतली आणि माझा स्टॉप चुकला. गोष्ट घाटमाथ्याखालच्या एका किल्ल्याची. मिठाच्या गोण्या लादलेला बैलांचा तांडा हाकणाऱ्या एका नायकाची मुलगी आणि किल्ल्यावरचा एक तरुण शिलेदार. शत्रू खाली येऊन पोचतो, वेढा पडणार म्हणून किल्ल्याचे दरवाजे बंद होतात, शिलेदार आत राहतो आणि मुलगी बाहेर. ती दारावर हात मारतेय आणि आतून अडसर सरकल्याचा आवाज येतो. त्याखाली छापलेलं: भाग पहिला समाप्त.

मालक पुढच्या वेळी आला तेव्हा मी दुसरा भाग मागितला. "येईल पुढच्या लॉटमध्ये," तो म्हणाला. त्याच्या भरवशावर मी ती कादंबरी सगळीकडे सुचवली. लढाई हवी असेल त्याला सांगितलं लढाई आहे, प्रेम हवं असेल तिला सांगितलं प्रेम आहे, आणि दोन्ही खरं होतं. मिस्त्रीने घेतली, चौकच्या शाळेतल्या दोन बाईंनी घेतली, काकूंनी घेतली.

लॉट आला, दुसरा भाग आला नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. मी जाईन तिथे एकच प्रश्न. मिस्त्री गाडीखालून डोकं बाहेर काढून विचारायचा, "उगडलं का दार?" काकूंनी तर नवीन पुस्तक घेणंच थांबवलं. म्हणाल्या, "ती तिथं दाराशी उभी आहे आणि मी दुसरं काहीतरी वाचत बसू? मला चैन पडत नाही गं."

चैन मलाही पडत नव्हतं. घरी वडिलांना मी संध्याकाळी ही गोष्ट सांगितली. ते ऐकत होते, मग म्हणाले, "दार लावलं कुनी?"

"पहारेकऱ्याने."

"नाव काय त्याचं?"

मी पुस्तक काढून पाहिलं. नाव नव्हतं. 'पहारेकऱ्याने अडसर सरकवला' एवढंच.

"गडाच्या दारावर कोन उबं असायचं, म्हाईत हाय ना तुला?" वडील म्हणाले. "आपलीच मानसं. ऊन-पाऊस डोक्यावर घेऊन. अन् पुस्तकात नावबी नाय." ते रागावले नव्हते. चहा पिऊन ते ड्यूटीला गेले. मी मात्र ते पान परत परत वाचत राहिले. छप्पन्न साली आमच्या घरातले देव नदीत सोडून वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हा मी लहान होते; त्यांच्या बोलण्यातली ही धार मी त्याआधी पुस्तकांच्या बाबतीत कधी ऐकली नव्हती. दार उघडतं की नाही, हा काकूंचा प्रश्न. ते लावलं कुणी, हा आता माझा.

प्रस्तावनेच्या खाली लेखकाने गाव घातलं होतं: कुंभिवली, तालुका खालापूर. इतके दिवस माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. माझ्याच फेऱ्यातलं गाव. मी काकूंना जाऊन सांगितलं, "लेखक इथे आहे. हायवेवर. मी विचारून येते."

काकूंनी गॅस बंद केला. "थांब, साडी बदलते."

"तुम्ही येताय?"

"मग काय तू जाऊन येईपर्यंत इथं चकरा मारू?"

आम्ही कर्जतहून चौक आणि चौकहून पुढची गाडी धरून कुंभिवलीला उतरलो. पानाच्या टपरीवर विचारल्यावर घर लगेच सापडलं. लेखक म्हणजे एक निवृत्त गुरुजी निघाले. सडपातळ, पांढरा लेंगा, अंगात बंडी. हायवेवरून ट्रक गेला की घराची कौलं थरथरायची आणि गुरुजी बोलताना थांबायचे. मग पुन्हा तिथूनच सुरू करायचे. सवयीचं झालं होतं त्यांना.

मी पिशवीतून त्यांचं पुस्तक काढलं. त्यांनी ते हातात घेतलं, कव्हर पुसलं आणि मागे मारलेला निम्म्या किमतीचा शिक्का पाहिला.

"रद्दीत मिळालं?"

"नाही गुरुजी. मी विकते. सवलतीत."

"कोण घेतं?"

मी सांगितलं. चौकचे मिस्त्री, शाळेतल्या बाई, या काकू. त्यांचा विश्वास बसला नाही. ते काकूंना म्हणाले, "बाई, तुम्ही खरंच वाचलंत?"

"उभ्याने वाचलं," काकू म्हणाल्या. "पोळ्या करपल्या. आता दुसरा भाग द्या."

गुरुजी खाटेवर बसले होते ते उठले आणि अंगणात फेऱ्या मारायला लागले. दुसरा भाग लिहिलाच नाही, म्हणाले. पहिलाच खपला नाही. प्रकाशक म्हणाला, गोडाउनमध्ये जागा नाही. मग कशाला लिहायचा? शेवट मात्र त्यांच्या डोक्यात होता. आम्ही आग्रह केला तेव्हा त्यांनी सांगितला. वेढा चार महिने चालतो. मुलगी दाराबाहेर बसून राहते. दार उघडतं तेव्हा उंबऱ्याशी तिचं प्रेत पडलेलं असतं आणि शिलेदार तलवार टाकून देतो.

काकू म्हणाल्या, "मारायला कशाला हवी तिला?"

"ती शोकांतिका आहे, बाई."

"ते तुमचं झालं. तिनं काय केलं मरण्यासारखं?"

"बाई, कादंबरी मी लिहितोय की तुम्ही?"

"तुम्ही लिहीत नाही आहात," काकू म्हणाल्या, "म्हणून तर इतक्या लांब आलो."

एक ट्रक गेला. कौलं वाजली. गुरुजी यावेळी ट्रक गेल्यावर पुस्तकाचं शेवटचं पान उघडून बघू लागले. ती संधी साधून मी माझं विचारलं. "गुरुजी, दार लावणाऱ्याचं नाव काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कुठली, कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही, पण त्यांना समजलं असावं. "तो फक्त दार लावतो," ते हळू म्हणाले. "त्याच्याकडे मी पाहिलंच नाही."

त्यांच्या सुनेने आम्हाला पोहे दिले. खाता खाता मी कर्जतच्या चाळीचं आणि हा प्रश्न मुळात वडिलांचा, हे सांगितलं. निघताना गुरुजी फाट्यापर्यंत आले. गाडी येईपर्यंत नुसते पाय बदलत उभे होते. गाडीत काकू खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. चौक आल्यावर म्हणाल्या, "त्यांना माहीत नाही गं शेवट. उगाच आपलं काहीतरी सांगितलं."

त्यानंतर पावसाळा लागला आणि माझा फेरा बंद पडला. पुस्तकं भिजली तर मालक बोलणार. मी घरात पुन्हा मोरीपासून दारापर्यंत. स्थळं येऊ लागली होती. एक मुलगा बघायला आला, त्याच्या आईने विचारलं, दिवसभर काय करतेस? मी म्हटलं, पुस्तकं विकते, पण सध्या पाऊस आहे. ते स्थळ तिथेच थांबलं.

ऊन पडल्यावर मी आधी भिवपुरी गाठली. काकूंच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, बदली झाली, भिऱ्याच्या पॉवर हाउसला गेले. ओट्यावर टेकवायला आता मी कुणाला पुस्तक द्यायचं, असं मनात आलं आणि मी बाकीच्या क्वार्टर्समध्ये न जाताच परतले.

त्याच सुमारास एके दुपारी गुरुजी आमच्या चाळीत आले. पत्ता विचारत, छत्री टेकत. आईने त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते न घुटमळता प्यायलं, तेव्हा आई आत जाऊन चहाचं आधण ठेवू लागली. गुरुजी बसेचनात. "शेवट झालाय," ते म्हणाले. "त्या बाईंना सांगायचाय. कुठे राहतात?"

मी सांगितलं, भिऱ्याला गेल्या.

"मग तू ऐक." आणि चाळीच्या व्हरांड्यात उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. मुलगी मरत नाही. चार महिने ती दाराशी तग धरते. पहारेकरी आतून भाकरी खाली सोडत राहतो, आपल्या वाट्याची. शेवटी दार तोच उघडतो, हुकमाची वाट न बघता. दोघं भेटतात. "गोड केलाय शेवट," गुरुजी म्हणाले. "बाईंना आवडेल."

"आणि नाव?"

"तेवढं ठरेना. जे नाव देतो ते खोटं वाटतं. तुझे वडील आहेत का? त्यांना विचारलं असतं."

वडील ड्यूटीवर होते. गुरुजी चहा पिऊन गेले. पण आता तो शेवट माझ्यापाशी आणि ज्यांच्यासाठी केला त्या काकू दूर. मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. आई म्हणाली, "जा बाई, जाऊन सांगून ये. नायतर आमाला जगू द्यायची नाय."

खोपोलीहून पालीमार्गे गाड्या बदलत मी भिऱ्याला गेले. तशीच घरांची ओळ, तसाच पाण्याचा घरघराट. काकू दारातच दिसल्या. समोर चार-पाच बायका सुपं घेऊन बसल्या होत्या आणि काकू, त्या एकट्याच, उभ्या. मला बघून त्या पुढे आल्या. मग हाताला धरून आत नेलं.

मी पाणीही न पिता सांगायला सुरुवात केली. भाकरी, पहारेकरी, दार, भेट. काकूंनी पदराने हात पुसत सगळं ऐकलं.

"पहारेकऱ्याचं चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "पण असं नाही झालं."

"म्हणजे?"

"चार महिने दारात कोण बसतं गं? पोट असतं माणसाला. ती निघाली. बैल होते ना बापाचे? बैल घेऊन खाली उतरली. दार उघडलं, तो बाहेर आला, तेव्हा तिथं कुणी नव्हतं." दाराबाहेरच्या बायकांकडे त्यांनी मान वळवली. "मी इथं सगळ्यांना असंच सांगितलंय. ही पहिली गोष्ट आहे, जिचा शेवट त्यांनी मला दोनदा सांगायला लावला."

"पण काकू, तुम्हीच म्हणाला होतात, तिला मारू नका."

"मारली कुठं? चालती केली." आणि मग, माझ्यासाठी तांदूळ काढता काढता, "मी बदलीला नाही म्हणू शकत नाही. तिला कोणी अडवलंय?"

जेवून मी परतीची गाडी धरली. मधेच खालापूरला उतरून कुंभिवलीला जायचं की नाही, हे खोपोलीपर्यंत ठरेना. गुरुजींनी एवढ्या हौसेने शेवट बदलला होता. पण न सांगता मला घरी झोप लागली नसती. मी उतरले.

गुरुजी अंगणातच होते. मी काकूंचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते खाली बसले. मग उठले. अंगणाच्या एका टोकाला गेले आणि परत आले.

"गेली कुठे म्हणे ती?"

"खाली."

"खाली म्हणजे? पनवेलच्या बाजूला, की नागोठण्याला? बैल मिठाचे होते, म्हणजे खाडीकडे गेली असणार."

"त्यांनी सांगितलं नाही."

"विचारायचंस ना."

हायवेवर माझी गाडी दिसली. मी पिशव्या उचलल्या आणि धावले. मागून गुरुजी फाटकापर्यंत येऊन म्हणत होते, "पुढच्या वेळी जाशील तेव्हा विचार. आणि एकटीच गेली का, तेही."

पुढची वेळ आलीच नाही. महिन्याभरात मला अलिबागला सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून बोलावणं आलं, आणि ज्या पत्राची मी इतकी वाट बघितली ते हातात घेऊन मी दारातच उभी राहिले, आनंद कुठे गेला ते कळेना. जायच्या आधी मी चौकला शेवटची फेरी मारली. त्या कादंबरीच्या उरलेल्या प्रती संपवायच्या होत्या. आता मी आधीच सांगत होते, पुस्तक चांगलं आहे, लढाई आहे, प्रेम आहे, शेवट नाही, दुसरा भाग निघणार नाही. घ्यायचं तर घ्या. वाटलं होतं कुणी हात लावणार नाही. दुपार व्हायच्या आत पिशवी रिकामी झाली, आणि पुस्तक न मिळालेली शाळेतली एक नवी बाई एसटी स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आली, अशीच दुसरी एखादी कादंबरी आहे का विचारत.